‘जेएफके’ पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक

एखाद्या राजकीय चित्रपटावर वाद पेटला की तो ठरलेल्या वळणानेच जातो. एक बाजू म्हणते, इतिहासाची मोडतोड केली. दुसरी म्हणते, दडवलेलं सत्य अखेर कुणीतरी दाखवलं. दोघेही पडद्याकडे बोट दाखवून भांडतात आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचं काय झालं हे विचारायचं राहून जातं. तो आत शिरला तेव्हा काय मानत होता, बाहेर पडताना काय मानत होता आणि त्या मानण्याचं पुढे त्याने काय केलं?

अमेरिकी अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येवरचा ऑलिव्हर स्टोनचा ‘जेएफके’ या प्रश्नासाठी फार उपयोगी आहे. ज्या घटनेवर तो बेतला आहे, तिच्याबद्दल लोक काय मानत होते याच्या जनमत चाचण्या चित्रपटाच्या अठ्ठावीस वर्षं आधीपासून उपलब्ध आहेत. चित्रपट थिएटरांत चालू असतानाच मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांची पाहणी केली. आणि वर्षभराच्या आत अमेरिकेच्या संसदेने एक कायदा केला, ज्याच्यामागे या चित्रपटाचा हात होता हे सरकारी अहवालातच नोंदलेलं आहे. कथा, मन आणि कृती यांचे धागे एकाच ठिकाणी सापडणारी अशी प्रकरणं विरळाच.

आधीची तीस वर्षं

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमधल्या डीली प्लाझा चौकातून मोटारींचा ताफा जात असताना अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच दिवशी संशयित ली हार्वे ऑस्वल्ड पकडला गेला आणि दोन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या तळघरात, टीव्हीचे कॅमेरे चालू असताना, जॅक रूबी नावाच्या नाइटक्लबवाल्याने त्याला गोळी घातली. म्हणजे खटला कधी उभाच राहिला नाही. सप्टेंबर १९६४ मध्ये हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने ८८८ पानांचा अहवाल दिला: ऑस्वल्डने हे एकट्याने केलं, कटाचा पुरावा नाही.

लोकांना ते पटलं नाही. हत्या झाली त्याच वर्षीच्या गॅलप चाचणीत ५२ टक्के लोक म्हणत होते की ऑस्वल्डबरोबर आणखी कुणीतरी होतं. १९७६ पर्यंत हा आकडा ८१ टक्क्यांवर गेला. मधल्या काळात व्हिएतनाम झालं, वॉटरगेट झालं, गुप्तचर संस्थांचे परदेशी नेत्यांना मारण्याचे बेत सिनेटच्या चौकशीत उघडे पडले. अब्राहम झॅप्रूडर या कापड व्यावसायिकाने आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर टिपलेली हत्येची सव्वीस सेकंदांची फिल्म १९७५ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय टीव्हीवर दिसली आणि डोक्याला गोळी लागताना केनेडी मागे फेकले जातात हे घराघरांत पाहिलं गेलं. १९७९ मध्ये हत्येची पुन्हा चौकशी करणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने तर ‘बहुधा कट असावा’ असाच निष्कर्ष काढला. तिचा मुख्य आधार असलेलं ध्वनिमुद्रण राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९८२ मध्ये निकालात काढलं, पण तोवर समितीचं मत लोकांच्या मनात पक्कं झालं होतं.

म्हणजे ‘जेएफके’ने अमेरिकेला कटाचा संशय शिकवला, हे सर्रास केलं जाणारं विधान आकड्यांपुढे टिकत नाही. चित्रपटाच्या पंधरा वर्षं आधीच पाचातले चार जण संशयी होते. चित्रपट आला तो तयार जमिनीवर, २० डिसेंबर १९९१ रोजी. तरीही त्याने काहीतरी केलंच, आणि ते कसं केलं यात मला जास्त रस आहे.

नायकाची निवड

स्टोनने कथेच्या केंद्रस्थानी ठेवला न्यू ऑर्लिन्सचा जिल्हा सरकारी वकील जिम गॅरिसन. केनेडी हत्येच्या संदर्भात कुणावर खटला चालवणारा तो एकमेव सरकारी वकील. १ मार्च १९६७ रोजी त्याने क्ले शॉ या शहरातल्या प्रतिष्ठित उद्योजकाला अटक केली. बरोबर दोन वर्षांनी, १ मार्च १९६९ ला, ज्यूरीने तासाभराच्या आतच शॉ यांना निर्दोष सोडलं. ते १९७४ मध्ये वारले. स्वतःची बाजू मांडायला ते चित्रपटाच्या वेळी हयात नव्हते, ही गोष्ट मला आजही बोचते.

खऱ्या खटल्याचा आधारस्तंभ होता पेरी रूसो नावाचा साक्षीदार. शॉ यांनी कटाची चर्चा केल्याचं आपण ऐकलं, असं तो सांगत होता. पण ती साक्ष घडवताना त्याला संमोहनाखाली नेलं गेलं होतं आणि सोडियम पेंटोथॉल हे गुंगीचं औषधही दिलं गेलं होतं. खटला कोसळायला हे मोठं कारण ठरलं. चित्रपटात हा साक्षीदारच नाही. त्याच्या जागी विली ओ’कीफ नावाचं पात्र आहे, जे अनेक माणसं एकत्र करून बनवलेलं आहे. हा ओ’कीफ तुरुंगातला, उर्मट, द्वेषाने भरलेला. पण त्याच्या सांगण्यावर औषधाची किंवा संमोहनाची सावली नाही. गॅरिसनच्या बाजूची सगळ्यात कच्ची वीट प्रेक्षकाला दिसतच नाही. डेव्हिड फेरी या संशयिताच्या बाबतीत तेच. पडद्यावर तो हॉटेलच्या खोलीत घाबरून जवळजवळ कबुली देतो. प्रत्यक्षात फेब्रुवारी १९६७ मध्ये मरेपर्यंत त्याने आरोप नाकारले. त्याला शेवटच्या रात्री भेटलेला वार्ताहर जॉर्ज लार्डनर याने चित्रीकरण चालू असतानाच, मे १९९१ मध्ये, ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये पटकथेच्या मसुद्यावर कडाडून टीका केली होती.

आणि वॉशिंग्टनमध्ये बाकावर बसून गॅरिसनला सगळा उलगडा करणारा तो ‘एक्स’! अशी भेट त्या काळात झालीच नव्हती. निवृत्त वायुदल अधिकारी फ्लेचर प्राउटी यांच्यावर ते पात्र बेतलं आहे आणि हे स्टोनने लपवलंही नाही. तो पुढे पटकथा तळटिपांसकट छापण्यापर्यंत गेला. पण थिएटरमध्ये तळटीप दिसत नाही.

न्यायालयातल्या दोन खुर्च्या

चित्रपट तीन तासांहून लांब आहे. त्यातला एक प्रसंग जवळून पाहिला की बाकीच्याची रीत कळते.

खटल्याचा शेवटचा भाग. गॅरिसन ‘जादूची गोळी’ समजावून सांगतो. आयोगाच्या मते एकच गोळी केनेडींच्या पाठीतून शिरून गळ्यातून बाहेर पडली आणि पुढे बसलेले टेक्ससचे राज्यपाल जॉन कॉनली यांनाही जखमी करून गेली. मिळून सात जखमा. गॅरिसन आपल्या दोन सहकाऱ्यांना एकामागे एक खुर्च्यांवर बसवतो आणि हातातल्या छडीने गोळीचा मार्ग दाखवू लागतो. गोळी इथून शिरली, इथून बाहेर पडली, १.६ सेकंद हवेत थांबली, मग उजवीकडे वळली, मग डावीकडे वळली. न्यायालयात हशा पिकतो. थिएटरातही पिकत असणार. ज्यूरीला, आणि आपल्याला, शहाणं ठरवणारा हा हशा आहे. त्या क्षणानंतर आयोगाची बाजू घेणं म्हणजे भोळसटपणा.

पण त्या खुर्च्या चुकीच्या जागी आहेत. मोटारीत कॉनली पाठीमागच्या मुख्य बाकाच्या पुढे घडीच्या आसनावर बसले होते. ते आसन केनेडींच्या जागेपेक्षा खाली होतं आणि गाडीच्या मध्याकडे सरकलेलं होतं. शिवाय कॉनली उजवीकडे वळले होते. ही मांडणी धरली तर गोळीला वळायची गरज उरत नाही. एक गोळी दोघांना लागली की नाही यावर अभ्यासकांत अजूनही मतभेद असतील, ते राहू देत; चित्रपटातली आकृती मात्र मुळातच बरोबर नाही.

त्यानंतर झॅप्रूडरची फिल्म येते. खरी फिल्म. डोक्याला गोळी लागण्याचा क्षण पुन्हा पुन्हा दाखवला जातो आणि गॅरिसन प्रत्येक वेळी तेच शब्द उच्चारतो: मागे आणि डावीकडे, मागे आणि डावीकडे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ यांनी १९७६ मध्येच दाखवून दिलं होतं की मागून गोळी लागूनही डोकं मागे झटकलं जाऊ शकतं. न्यायालयात ते सांगणारं कुणी नाही. प्रतिपक्षाचा वकील त्या वेळी जवळजवळ मुका आहे.

क्रम पाहा. आधी चुकीची आकृती आणि हशा, लगेच खरी फिल्म आणि धक्का. हशाने बुद्धी जिंकली, धक्क्याने काळीज. दुसऱ्याच्या अस्सलपणाचं वजन पहिल्याच्या खात्यावर जमा होतं.

संपूर्ण चित्रपटाची वीण अशीच आहे. छायालेखक रॉबर्ट रिचर्डसन आणि संकलक जो हटशिंग व पिएत्रो स्कॅलिया या तिघांना त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं ते उगाच नव्हे. ३५ मिलिमीटर, १६ मिलिमीटर, सुपर-८, कृष्णधवल, रंगीत, जुनं वार्तापटाचं चित्रण आणि नव्याने रचलेली पण जुनी दिसणारी दृश्यं, सगळं इतक्या वेगाने एकमेकांत गुंफलं आहे की तुकडा कुठला हे ठरवायच्या आत पुढचा येतो. सुरुवातीलाच आयझेनहॉवर यांचं जानेवारी १९६१ चं खरं निरोपाचं भाषण आहे आणि काही मिनिटांत, त्याच पोताचं, गाडीतून रस्त्यावर फेकल्या गेलेल्या बाईचं रचलेलं दृश्य. एखादं पात्र नुसतं ‘असं झालं असेल’ म्हणतं आणि पडद्यावर ते घडताना दिसतं. वाक्यातला ‘असेल’ विरून जातो, चित्र उरतं. अमेरिकी प्रेक्षकाने निदान काही चित्रण बातम्यांत पूर्वी पाहिलेलं होतं. आपल्यासारख्या दूरच्या प्रेक्षकाला तर खरं-रचलेलं वेगळं करायला हाताशी काहीच नसतं.

गोष्टीत गुंतलेला माणूस शंका काढत बसत नाही, हे मानसशास्त्रात पुढे प्रयोगांनीही तपासलं गेलं. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कथेत जास्त हरवलेल्या वाचकांना त्याच मजकुरात खटकणाऱ्या जागा कमी सापडल्या आणि त्यांची मतं कथेच्या बाजूला जास्त झुकली. मजकूर सत्यकथा म्हणून दिला की काल्पनिक म्हणून, याने फारसा फरक पडला नाही. ‘शेवटी सिनेमाच तर आहे’ हा बचाव म्हणूनच मला लंगडा वाटतो.

दारात उभे राहिलेले संशोधक

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लिसा बटलर, शेरिल कूपमन आणि फिलिप झिम्बार्डो यांनी चित्रपट थिएटरांत चालू असतानाच एक साधी युक्ती केली. काही प्रेक्षकांना चित्रपट पाहायच्या आधी प्रश्नावली दिली, काहींना पाहून झाल्यावर. त्यांचा शोधनिबंध १९९५ मध्ये ‘पोलिटिकल सायकॉलॉजी’ या नियतकालिकात आला.

पाहून बाहेर पडलेल्यांत राग वाढलेला होता. कटाच्या वेगवेगळ्या शक्यतांवरचा विश्वासही वाढलेला होता. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण आपण मतदान करू किंवा राजकीय देणगी देऊ, असं म्हणण्याची तयारी मात्र त्यांच्यात कमी झालेली आढळली. संशोधकांनी त्याचा अर्थ हतबलता असा लावला.

ज्या चित्रपटाच्या शेवटी नायक सरळ कॅमेऱ्यात पाहून ‘आता सगळं तुमच्यावर आहे’ असं सांगतो, जो चित्रपट तरुणांना अर्पण केला आहे, तो पाहून लोक मतपेटीपासून दूर सरकले! विरोधाभास वाटतो, पण कथेची रचना पाहिली तर त्यात नवल नाही. तीन तासांत प्रेक्षकापुढे संशयित म्हणून कोण कोण येतं? सीआयए, एफबीआय, लष्करी अधिकारी, शस्त्रास्त्र उद्योग, माफिया, क्युबातून परागंदा झालेले लोक, डॅलसचे पोलीस, खुद्द उपाध्यक्ष जॉन्सन. नेमकं कुणी काय केलं हे शेवटपर्यंत नक्की होत नाही. त्यांच्यासमोर एक माणूस उभा राहतो. त्याचं घर मोडायला येतं, सहकारी फुटतो, वर्तमानपत्रं टिंगल करतात आणि ज्यूरी निकाल विरोधात देते. तोंडाने सांगितलेला संदेश ‘उठा’ आहे. गोष्टीत घडलेला संदेश ‘उठलात तर हे असं होतं’ आहे. प्रेक्षक घडलेला संदेश घरी नेतो. भाषण कितीही सुंदर असलं तरी.

अभ्यासाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आधीचे आणि नंतरचे प्रेक्षक वेगळे होते. तीच माणसं दोनदा विचारलेली नाहीत. नोंदला गेला तो इरादा, कृती नव्हे. थिएटरच्या दारातली संतप्त उदासी नोव्हेंबरपर्यंत टिकते का? १९९२ च्या निवडणुकीत प्रत्यक्षात मतदान वाढलं: मतदानाच्या वयाच्या लोकसंख्येपैकी १९८८ मध्ये सुमारे ५० टक्क्यांनी मत दिलं होतं, ते सुमारे ५५ टक्क्यांवर गेलं. मंदी होती, रॉस पेरो अपक्ष उभे होते, निवडणूक चुरशीची होती. एका चित्रपटाचा त्यात किती वाटा, हे या आकड्यांवरून कुणीच सांगू शकणार नाही. चित्रपटाने लोकशाही पोखरली असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर समोर ठेवावा.

२०२९

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो चित्रपटाच्या कथेच्या बाहेर आहे. चित्रपट संपल्यावर पडद्यावर काही ओळी येतात. त्यातली एक सांगते की प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या फायली २०२९ पर्यंत कुलूपबंद आहेत.

हे खरं होतं. संसदेच्या चौकशीचे कागद पन्नास वर्षं बंद ठेवायच्या नियमाने ते झालं होतं, त्यात खास कारस्थान नव्हतं. पण नागरिकांनी ते सहन करावं असं कारणही कुणी देऊ शकलं नाही. प्रतिनिधींकडे पत्रं येऊ लागली. त्या समितीचे एके काळचे अध्यक्ष लुइस स्टोक्स यांनी प्रतिनिधिगृहात आणि डेव्हिड बोरेन यांनी सिनेटमध्ये विधेयकासाठी पुढाकार घेतला. स्टोनने स्वतः संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. महिनाभरापूर्वी चित्रपटाला खोटारडा म्हणणारे लोकही फायली उघडा म्हणू लागले, कारण त्यांचं म्हणणं सिद्ध व्हायचा मार्गही त्या फायलींतूनच जात होता. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी, निवडणुकीला आठवडा उरलेला असताना, अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी फायली खुल्या करण्याच्या कायद्यावर सही केली.

कायद्याने पाच सदस्यांचं स्वतंत्र पुनरावलोकन मंडळ नेमलं. ते १९९८ पर्यंत चाललं आणि त्यातून राष्ट्रीय अभिलेखागारात पन्नास लाखांच्या आसपास पानांचा संग्रह उभा राहिला. १९६२ चा ‘नॉर्थवुड्स’चा प्रस्ताव त्यातूनच बाहेर आला: क्युबावर हल्ला करायला निमित्त मिळावं म्हणून बनावट हल्ले घडवून आणायची लष्करप्रमुखांची सूचना, जी केनेडींच्या काळात अमलात आली नाही. हत्येशी तिचा संबंध सिद्ध होत नाही. सरकारच्या बंद दाराआड काय विचार चालत असे, हे मात्र कळलं, आणि ते कळण्याचा लोकांना हक्क होता.

मंडळाच्या अंतिम अहवालातला निर्वाळा मला फार नेमका वाटतो. त्याचा आशय असा: चित्रपट बऱ्याच अंशी काल्पनिक होता, पण शेवटच्या पाटीवरची फायलींची माहिती खरी होती.

तीन तासांच्या प्रभावी, गुंतवणाऱ्या, जागोजागी चुकीच्या कथेने राग निर्माण केला आणि त्या रागाला जायला वाट दिली नाही. शेवटच्या पाटीने वाट दिली. तिच्यात एक वस्तू होती, एक तारीख होती आणि ती बदलू शकणारी संस्था कुठली हेही उघड होतं. राग नसता तर ती पाटी कुणी वाचली नसती, हे मला मान्य आहे. १९७९ पासून फायली बंद होत्या आणि वर्तमानपत्रांतल्या नीरस बातम्यांनी कुणी हललं नव्हतं. स्टोनच्या कथेचं श्रेय मी काढून घेत नाही. पण त्याने केलेल्या चुकांशिवायही हा राग उभा राहिला असता, असं मला ठामपणे वाटतं. बंद फायली, न चाललेला खटला, तळघरात मारला गेलेला आरोपी, झॅप्रूडरची सव्वीस सेकंदं: एवढी खरी सामग्री हाताशी असताना खुर्च्या चुकीच्या जागी मांडायची गरज नव्हती. क्ले शॉ यांना ज्यूरीने सोडलं तरी जगभरच्या प्रेक्षकांपुढे पुन्हा आरोपी करायची तर मुळीच नव्हती.

फायली उघडल्याने विश्वास परत आला का? २०१३ मध्ये गॅलपला कट मानणारे ६१ टक्के सापडले, २०२३ मध्ये ६५ टक्के. कायद्याने घालून दिलेली २०१७ ची अंतिम मुदत ओलांडून पुढे ढकलत ढकलत आणखी कागद मार्च २०२५ मध्येही खुले होत होते. दर खेपेला उरलेला गठ्ठा लहान होत गेला, आणि दर खेपेला लोकांचा प्रश्न तोच राहिला की मग इतकी वर्षं लपवलं कशाला.

आपल्याकडे एखाद्या मराठी किंवा हिंदी राजकीय चित्रपटाचा असा अभ्यास कुणाला करायचा असेल, तर थिएटरच्या दारात ‘खरं वाटलं का?’ एवढंच विचारून थांबू नये. पाहण्याआधी काय मानत होता, हे त्याच माणसाला आधी विचारलेलं हवं. नाहीतर जुन्या समजाचं खापर किंवा श्रेय चित्रपटावर फोडलं जातं. काही महिन्यांनी त्याला पुन्हा गाठावं. आणि एक प्रश्न जरूर असावा: आता तुम्ही नेमकं काय करणार, कुणाकडे जाणार? उत्तराची जागा कोरी राहिली, तर पुन्हा पटकथेकडे वळून तिथे नायकाला साथ देणारं, त्याच्या बाजूने एखादी छोटी लढाई तरी जिंकणारं कुणी होतं का, ते तपासावं.